स्थळ, भूत आणि तळटीप

कोकणातील भुताखेतांविषयी लिहिताना अभ्यासक ज्या संकलनाकडे हटकून वळतात ते ‘फोकलोअर नोट्स’च्या दुसऱ्या, कोकणविषयक खंडाच्या रूपाने १९१५ साली प्रसिद्ध झाले. संकलक आर. ई. एन्थोव्हेन, परंतु सामग्री दिवंगत ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमविलेली, असे शीर्षकपृष्ठावरच नोंदलेले आहे. ‘दिवंगत’ या एका शब्दामागे मराठी वाचकाला चांगलाच परिचित असलेला इतिहास आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या ते हेच जॅक्सन. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. राजकीय इतिहासातील जॅक्सन येथे संपतात. वाङ्मयेतिहासात मात्र त्यांची प्रश्नावली उरते, आणि तिच्याकडे वाङ्मयीन दृष्टीने आपण जवळजवळ पाहिलेलेच नाही.

जॅक्सन यांची पद्धत साधी होती. खेडोपाडीच्या शाळामास्तरांकडे लोकसमजुतींविषयीचे प्रश्न धाडायचे आणि आलेली उत्तरे एकत्र करायची. त्या उत्तरांतून एन्थोव्हेन यांनी विषयवार प्रकरणे सिद्ध केली. प्रकरणाच्या मजकुरात विधान येते ते ‘कोकणातील लोक असे मानतात’ अशा सर्वसाधारण स्वरूपाचे. आणि पानाच्या तळाशी बारीक टाइपात त्या विधानाचा उगम दिलेला असतो : शाळामास्तर, उभादांडा, जिल्हा रत्नागिरी. शाळामास्तर, पोलादपूर, जिल्हा कुलाबा. बहुतेक ठिकाणी मास्तरांचे नाव नाही. मास्तरांना ज्याने गोष्ट सांगितली त्याचे तर नाहीच नाही. उरते ते केवळ गावाचे नाव. प्रस्तुत निबंधाचा विषय म्हटले तर एवढाच आहे : भुताची गोष्ट जिच्यावर उभी असते ती जागा मजकुरातून उठून तळटीपेत कशी गेली, आणि या स्थलांतराने वाङ्मयप्रकाराचे काय झाले.

हा प्रश्न सुचण्याचे कारण जर्मन आहे. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या बंधूंचा परीकथांचा संग्रह आपल्याकडे बालवाङ्मयाच्या द्वारे सर्वांना ठाऊक असतो. त्यांनी १८१६ आणि १८१८ साली दोन भागांत प्रसिद्ध केलेला ‘डॉइचे झागेन’ हा संग्रह मात्र आपल्या विद्यार्थ्यांच्या वाचनात सहसा येत नाही. त्याच्या प्रास्ताविकात ग्रिम बंधूंनी दोन कथाप्रकारांत भेद केला आहे. ‘मेर्शेन’ म्हणजे अद्भुतकथा ही अधिक काव्यात्म असते. ‘झागे’ ही अधिक इतिहासाकडे झुकलेली असते, आणि ती एखाद्या ओळखीच्या जागेला वा एखाद्या नावाला चिकटून राहते. अद्भुतकथेतील राजवाडा कोठेही असू शकतो. झागेतील बुरूज बिंगेन गावाजवळ ऱ्हाइन नदीच्या पात्रात उभा असतो, आणि तो कोणालाही बोट करून दाखविता येतो. त्या बुरुजात हाट्टो नावाच्या दुष्ट बिशपाला उंदरांनी खाल्ले, ही कथा बहुधा त्या बुरुजाच्या नावातून निघाली असावी. जकात आणि उंदीर यांना जुन्या जर्मनमध्ये जवळचे उच्चार होते, असे भाषातज्ज्ञ सांगतात. पण कथा खोटी ठरली म्हणून बुरूज काही हलत नाही. हॅमेलनच्या बासरीवाल्याची गोष्ट १२८४ या वर्षाशी आणि त्या गावातील एका विशिष्ट गल्लीशी बांधलेली आहे. मुले ज्या वाटेने गेली असे मानतात त्या गल्लीत वाद्य वाजवू नये, असा संकेत तेथे आहे. म्हणजे झागे जागेला केवळ नाव देत नाही, तर त्या जागी कसे वागावे हेही ठरवून देते.

‘झागे’साठी मराठीत प्रतिशब्द शोधताना अडचण येते. ‘दंतकथा’ हा शब्द आहे. पण आपण तो ‘खोटी गोष्ट’ या अर्थाने इतका वापरला आहे की त्यातून इतिहासाकडील ओढ पार गळून गेली आहे. ‘आख्यायिका’ला ग्रांथिक वळण आहे. येथे मी ‘स्थळकथा’ हा शब्द योजतो. पारिभाषिक म्हणून तो टिकेल असा आग्रह नाही, प्रस्तुत विवेचनापुरता तो पुरे.

हा भेद हाती घेऊन वेताळाकडे पाहिले म्हणजे मराठीत दोन वेताळ आहेत हे ध्यानात येते. पहिला संस्कृत कथापरंपरेतला : झाडाला लोंबकळणारा, विक्रमाच्या खांद्यावर बसून कूटप्रश्न घालणारा. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० साली ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली तेव्हापासून मुद्रित मराठी गद्यात याच वेताळाची वहिवाट आहे. युरोपीय पंडितांनाही हाच वेताळ दिसला. टेओडोर बेन्फाय यांनी १८५९ साली पंचतंत्राच्या भाषांतराला जोडलेल्या दीर्घ प्रस्तावनेत युरोपीय अद्भुतकथांचा मोठा भाग भारतातून गेला असा सिद्धांत मांडला. पुढे हाइनरिख उहले यांनी वेताळकथांची संस्कृत संहिता १८८१ साली लाइपझिग येथे संपादित करून प्रसिद्ध केली. हा वेताळ प्रवास करू शकतो, कारण तो मेर्शेनचा आहे. त्याला स्मशान लागते, पण कोणते स्मशान हे सांगावे लागत नाही.

दुसरा वेताळ प्रवास करीत नाही. तो आपल्या हद्दीत फिरतो. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा हा त्याचा ठळक नमुना. जयवंत दळवींचे हे गाव. ‘सारे प्रवासी घडीचे’मुळे मराठी वाचकाच्या ते परिचयाचे आहे. येथे वेताळ भुतांचा राजा असूनही गावचा राखणदार आहे. भक्त त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा अर्पण करतात, कारण तो रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. गोव्यात आमोणे येथे तो बेताळ म्हणून पुजला जातो. साष्टीतील बेताळभाटी या गावाच्या नावात तो अजून शिल्लक आहे. त्या तालुक्यातील देवळे मात्र सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडली. देऊळ गेले, गाव मोठ्या प्रमाणात धर्मांतरित झाले, तरी नावाने जागा सोडली नाही. ही गोष्ट ग्रिम बंधूंना निश्चित आवडली असती.

आता पुन्हा १९१५च्या खंडाकडे वळू. त्यात कोकणातील उपद्रवी भुतांची जी यादी आहे तिच्यात वेताळ, ब्रह्मग्रह, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, वीर, चेडा, जखीण, लावसट, हडळ अशी नावे क्रमाने येतात आणि प्रत्येकाची व्याख्या दिलेली असते. विद्वत्तेचा गर्व वाहणारा ब्राह्मण मेला की ब्रह्मग्रह, मुंज होऊन सोडमुंज होण्यापूर्वी गेलेला बटू मुंजा, लोभी आणि निपुत्रिक माणूस समंध, शूद्राचे भूत देवचार, मुसलमानाचे खवीस, बुडून मेलेल्याचा गिऱ्हा. स्त्रियांकडे आल्यावर मात्र तत्त्व बदलते. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर हडळ. पुरुषाचे भूत बव्हंशी जातीने ओळखले जाते आणि स्त्रीचे भूत नवऱ्याच्या वा मुलाच्या संदर्भाने, ही गोष्ट आजवरच्या चर्चेत जेवढी ठसठशीतपणे यायला हवी होती तेवढी आलेली नाही. मृत्यूनंतरही जात सुटत नाही असे आपण आलंकारिक अर्थाने म्हणतो. या यादीत ते अक्षरशः खरे आहे.

येथे एक सोपा निष्कर्ष हाताशी असतो. एन्थोव्हेन हे १९०१च्या जनगणनेत मुंबई इलाख्याचे प्रमुख होते; पुढे १९२० ते १९२२ या काळात त्यांचा मुंबई इलाख्यातील जातीजमातींवरचा तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांनी जिवंतांप्रमाणेच मेलेल्यांचीही जातवार शिरगणती केली, आणि हे वर्गीकरण वसाहतवादी ज्ञानव्यवहाराचे अपत्य आहे, असे म्हणून मोकळे होता येईल. आपल्या चर्चासत्रांतून असे म्हणण्याची रीत पडून गेली आहे. मला ते पुरते पटत नाही. मोल्सवर्थच्या कोशात, म्हणजे जनगणनेच्या कितीतरी आधी, ‘मुंजा’ या शब्दाचा अशा बटूचे भूत हा अर्थ दिलेलाच आहे. जातीचा आणि वैवाहिक स्थितीचा निकष गावाचाच होता. तो साहेबाने शिकविला नाही. साहेबाने केले ते वेगळे. गावात हा निकष एका विशिष्ट पिंपळाशी, एका विशिष्ट घराशी आणि त्या घरातील एका विशिष्ट मृत्यूशी जोडलेला होता; तो तेथून सोडविला गेला आणि ‘प्रकार’ बनला. अमक्या आळीतल्या पिंपळावर अमक्याचा मुलगा असतो ही स्थळकथा. मुंजा पिंपळावर राहतो हे कोशवाक्य. पहिल्या वाक्यात वाद घालता येतो. शेजारी म्हणू शकतो की तो त्यांचा मुलगा नव्हेच, किंवा तो पिंपळ हा नव्हे. दुसऱ्या वाक्याशी वाद घालायला जागाच नसते. लिंडा डेग या विदुषीने स्थळकथेचे स्वरूप सांगताना अशा वादालाच केंद्रस्थान दिले आहे : ही कथा विश्वासाची घोषणा करीत नाही, विश्वासाविषयी तंटा मांडते, सांगणारा, ऐकणारा आणि ‘छे, असे काही नसते’ म्हणणारा असे तिघेही तिचे घटक असतात. आपल्या संग्रहांतून हा तिसरा माणूस पहिल्यांदा गळतो.

समंधाचे उदाहरण पाहावे. ‘निपुत्रिक लोभी माणसाचे भूत’ एवढी व्याख्या वाचली की ती नीतिकथा वाटते. पण ज्या गावात समंध आहे तेथे विचारले तर उत्तरात बहुधा एखादे ओसाड घर निघते, आणि घरामागे वारसाचा प्रश्न निघतो : जमीन कोणाकडे गेली, कोणी बळकावली, वाटणी का झाली नाही. भूत ज्या जागेवरून हलत नाही ती जागा मालकीच्या तंट्यातली असते. देवचाराचे आणखी निराळे. कोकणच्या खंडात तो उपद्रवी यादीत बसतो. गोव्यात आणि दक्षिण सिंधुदुर्गात तो हद्दीचा राखणदार म्हणून मान घेतो, त्याला वहाणा, विडी, दारू ठेवली जाते. एकच नाव पन्नास-शंभर मैलांच्या अंतरात भय आणि आधार असे दोन अर्थ धारण करते. यादीला दोन अर्थ झेपत नाहीत. तिला एकच रकाना असतो.

जर्मन प्रदेशातील एक प्रकरण या संदर्भात तुलनेला घेण्याजोगे आहे. ओडेनवाल्ड या डोंगराळ भागात रोडेनस्टाइन नावाच्या पडक्या किल्ल्याविषयी अशी कथा आहे की, युद्ध जवळ आले म्हणजे तेथील जुना सरदार आपल्या सैन्यासह रात्री आकाशमार्गे श्नेलर्ट्‌स येथून निघतो आणि घोड्यांचा, गाड्यांचा, कुत्र्यांचा आवाज लोकांना ऐकू येतो. ग्रिम बंधूंच्या संग्रहात ही कथा आहेच. पण तिचे वैशिष्ट्य असे की, अठराव्या शतकाच्या मध्यावर हा आवाज ऐकल्याचे लोकांनी राइखेनबर्ग येथील सरकारी कचेरीत जाऊन सांगितले, आणि कचेरीने त्यांच्या जबान्या नोंदवून घेतल्या. आपल्याकडे मास्तरांनी उत्तरे लिहिली, तेथे कारकुनाने जबानी लिहिली. फरक मोठा आहे. जबानीत साक्षीदार असतो, तारीख असते, जागा असते. कारकुनाला वर्गीकरणाची गरज वाटली नाही, कारण त्याला शास्त्र करावयाचे नव्हते. एका सामान्य कचेरीचा हा निरुपयोगी वाटणारा दस्तऐवज पुढे वाङ्मयाभ्यासाला संग्रहापेक्षा अधिक उपकारक ठरला, यात मौज आहे.

रोडेनस्टाइनची स्वारी हा उत्तर युरोपभर आढळणाऱ्या ‘रानटी शिकारी’च्या कथेचा एक अवतार. रात्री मृतांचा तांडा रस्त्याने वा आकाशातून जातो. काही कथांत त्याच्या पुढे एकार्ट नावाचा म्हातारा चालतो आणि लोकांना बाजूला व्हायला सांगतो. वेताळाच्या पालखीविषयी ज्यांनी लहानपणी ऐकले आहे त्यांना हे वाचताना आपल्या घरचे कोणी बोलते आहे असे वाटेल. अमावास्येची रात्र, दूरवर सरकणारे पलिते, आणि वडीलधाऱ्यांची ताकीद : वाट सोडून उभे राहावे, मान वर करू नये. साम्य एवढे जवळचे असले म्हणजे समान उगम शोधण्याचा मोह होतो. या मोहाचा इतिहास चांगला नाही. याकोब ग्रिम यांनी १८३५च्या ‘डॉइचे मिथोलोगी’त या शिकाऱ्यामागे वोडान या जुन्या देवतेचे दर्शन घेतले. शंभर वर्षांनी, १९३४ साली, ओटो ह्योफ्लर यांनी त्याच कथांतून प्राचीन जर्मानिक पुरुषांच्या गुप्त योद्धासंघांचा पंथ उभा केला, आणि ते संशोधन नाझी राजवटीच्या सांस्कृतिक यंत्रणेला मानवले. स्थळकथेतून स्थळ काढून टाकले की तिथे वंश बसविता येतो. आपल्याकडे वेताळाला आर्यपूर्व ठरविणारे आणि शिवाचा गण ठरविणारे असे दोन्ही पक्ष आहेत. दोघांनाही आरवलीच्या वहाणांपेक्षा उगमात रस अधिक, हे मला काळजीचे वाटते.

अपवाद आहेत. दुर्गा भागवतांनी १९५६ साली ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहून या क्षेत्राला मराठीत शास्त्रीय अधिष्ठान दिले. दामोदर धर्मानंद कोसंबी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’च्या (१९६२) अभ्यासासाठी पुण्याच्या परिसरात पायी हिंडले, शेंदूर लावलेला दगड कोणत्या वाटांच्या संगमावर आहे हे त्यांच्या लेखी देवतेच्या नावाइतकेच महत्त्वाचे होते. आणि तिसरा अपवाद जर्मनच आहे. गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरचा आपला ग्रंथ १९७६ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध केला, आणि देवाचा प्रवास कोणत्या डोंगरातून कोणत्या नदीकाठी झाला याची माग काढली. त्यांच्या लेखनात देवता ही नकाशावर चालते. ग्रिम बंधूंच्या देशातून आलेल्या माणसाने स्थळाला दिलेले हे महत्त्व योगायोगाचे नसावे, असे मला वाटते. सिद्ध मात्र करता येणार नाही.

शनिवारवाड्याचा उल्लेख टाळता येत नाही, कारण ‘झपाटलेली जागा’ म्हटले की शहरी मराठी माणूस तेथेच जातो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांची काकांना घातलेली हाक अजून रात्री ऐकू येते, अशी कथा आहे. ज्या महालांत ही हाक उठली असेल ते १८२८च्या आगीत जळून गेले. आज तटबंदी आहे, जोती आहेत, कारंजी आहेत. हाकेला भिंती नाहीत. तरी कथा टिकली, कारण तिला नाव होते आणि त्या नावाला इतिहासग्रंथांचे पाठबळ होते. होहेनत्सोलर्न घराण्याच्या राजवाड्यांत मृत्यूपूर्वी दिसणारी ‘पांढरी बाई’ अशाच कारणाने टिकली. राजघराण्याचे भूत टिकते. प्रश्न आहे तो ज्यांच्या मृतांना बखर मिळाली नाही त्यांच्या भुतांचा.

तो प्रश्न मला माझ्या वर्गात भेटला. मी शिकवितो ते नवी मुंबई हे शहर १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर वसविले. भातशेती, मिठागरे, खाडीचे बांध यांच्या जागी नोड, सेक्टर आणि भूखंड आले. भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जणांना प्राण गमवावे लागले. हा सर्व इतिहास विद्यार्थ्यांना माहीत असतो. त्यांच्या घरातला तो असतो. काही वर्षांपूर्वी लोकसाहित्याच्या तासाला एका आगरी विद्यार्थिनीने आजीकडून ऐकलेली गिऱ्ह्याची गोष्ट सांगितली. खाडीच्या बांधावर, उघाडीपाशी, भरतीच्या वेळी तो वाट चुकवितो आणि माणसाला खोल पाण्यात नेतो. ही उघाडी कोठे, असे मी विचारले. तिने थोडा विचार करून सेक्टरचा क्रमांक सांगितला, मग म्हणाली की आता तेथे पार्किंग आहे, आणि आजी त्या जागेला काय म्हणायची ते तिला आठवत नाही.

भूत आठवले, जागेचे नाव गेले. जॅक्सन यांच्या संग्रहात नेमके हेच घडले होते. फरक इतकाच की तेथे निदान तळटीप होती. गिऱ्ह्याची गोष्ट पाण्याच्या वाटेविषयी काही सांगत होती. भरती कोणत्या तोंडाने आत येते, उघाडी उघडी असताना बांधाचा कोणता भाग पायाखाली टिकत नाही, हे ज्ञान तिच्यात साठविलेले होते. आणि ते त्या उघाडीखेरीज दुसरीकडे निरुपयोगी होते. विमानतळासाठी उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, दहा वस्त्या उठल्या. गावदेवीची नव्या जागी प्रतिष्ठापना करता येते, तिचे विधी आहेत. चेड्याच्या किंवा गिऱ्ह्याच्या स्थलांतराचा विधी माझ्या ऐकिवात नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. भुतांच्या कथांविषयी अशी हळहळ व्यक्त करणे म्हणजे अंधश्रद्धेला वाङ्मयीन प्रतिष्ठा देणे नव्हे काय? डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि भूत काढण्याच्या नावाखाली माणसांना, त्यातही स्त्रियांना, मारहाण होत आली आहे हे कोणी नाकारू शकत नाही. हडळीच्या कथेचा उपयोग जिवंत बाईवर आरोप ठेवण्यासाठी झाला, हेही तिच्या अभ्यासाचा भाग आहे. परंतु हडळ हा ‘प्रकार’ म्हणून शिकविला तर ती केवळ भयप्रद बाई उरते. ती कोणत्या घरातून निघाली, कोणत्या विहिरीपाशी दिसली, असे विचारले तर त्या घरात बाळंतपणात मेलेली बाई सापडते, सुईण सापडते, न आलेली गाडी सापडते. कायद्याला जी चौकशी हवी तीच ही चौकशी आहे, फक्त मृत्यूच्या नंतर सुरू झालेली.

या लेखाच्या निमित्ताने मी आमच्या विभागाने पूर्वी केलेल्या एका लोककथा-संकलन प्रकल्पाची प्रश्नपत्रिका काढून पाहिली. ती मीच तयार केली होती. निवेदकाचे नाव, वय, जात, शिक्षण, कथेचा प्रकार आणि ‘भुताचा प्रकार’ असे रकाने तिच्यात आहेत. जागेसाठी रकाना नाही. एन्थोव्हेन यांच्यावर टीका करताना माझ्या हाताखाली त्यांचाच तक्ता होता, आणि मास्तरांच्या गावाची त्यांची तळटीप मी तर तीही काढून टाकली होती.

यंदाच्या पत्रिकेत ‘जागा’ हा रकाना पहिला घातला. परत आलेल्या पहिल्याच पत्रिकेत विद्यार्थ्याने त्या रकान्यात तीन नावे एकाखाली एक लिहिली आहेत : वर शेताचे जुने नाव, मध्ये संपादनाच्या वेळचा सर्व्हे नंबर, खाली सेक्टर आणि भूखंड. पहिले नाव त्याने आजोबांना विचारून, पेन्सिलीने लिहिले आहे.